तुझ्या नावाचं ताट

दादा, मी परत त्या लेण्यात जाऊन आले. तुझ्या आठवणीनं डोळे पुसायला गेले असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. मी भांडायला गेले होते. तू हयात असताना आपलं भांडण नीट झालंच नाही. भांडायलासुद्धा समोरासमोर बसावं लागतं, आणि माझ्या घरात तू एकदा सोडून कधी बसलाच नाहीस.

सोबत वहिनी होत्या. तुझ्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तरी मी उदगीरला परत गेले नव्हते, मुदखेडलाच राहिले होते. एका सकाळी वहिनीच म्हणाल्या, "ताई, ह्यांनी आपल्याला वेरूळला नेलतं न्हवं का, तिथं एकदा जाऊन येऊ. घरात बसवंना झालंय." मी लगेच उठून पीठ मळायला घेतलं. रेल्वे, मग एसटी. वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या आणि मी मांडीवर पिशवी घेऊन बसले. पिशवीत धपाट्यांचा डबा होता आणि लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं एक स्टीलचं ताट.

ते ताट मी उदगीरहून निघतानाच सोबत घेतलं होतं. खरं सांगायचं तर पुण्यानुमोदनाच्या मांडवात, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर ते आपटायचं असं मनात होतं.

नाही आपटलं. एकामागून एक लोक उठून तुझ्याबद्दल बोलत होते. गुरुजींनी हिमायतनगरच्या शाळेत एक पंगत केली, गुरुजींनी माणसाला माणसाशेजारी बसवलं. खोटं एक अक्षर नव्हतं. मीच तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हाची गोष्ट आहे ती. शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हा काही वरच्या जातीची पोरं घरून आपापल्या ताटल्या आणून कडेला बसायची. तू त्यांच्या आणि बाकीच्यांच्या मधोमध मांडी घालून बसलास आणि जेवायला लागलास. दुसऱ्या दिवशी एक बाई तावातावाने शाळेत आली. तू तिलाही ताटली पुढे केलीस, "बसा बाई, तुम्ही बी दोन घास खा." ती बसली नाही, पण पोराला उठवलंही नाही. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की गावभर सांगत फिरले.

म्हणून मांडवात कुणीतरी माइकवरून म्हणालं, "गुरुजींच्या भगिनी दोन शब्द बोलतील," तेव्हा मी जागची हलले नाही. माझ्याकडचं दोन शब्दांत मावणारं नव्हतं. लोकांना वाटलं, बिचारीला हुंदका आला. हुंदका कसला, मला संताप आला होता. साऱ्या तालुक्याला एका पंगतीत बसवणारा माणूस इतकी वर्षं सख्ख्या बहिणीच्या घरी पाण्याचा घोट न घेता मेला, हे त्या माइकवर कोण सांगणार होतं?

माझ्या लग्नाला उभा राहिलास तो तूच. आपल्यातले लोक म्हणत होते, मुलगी लिंगायताच्या घरात चालली, उद्या ती लोकं तिला विहारात पाऊल टाकू देणार नाहीत. तिकडचे काय म्हणत होते ते तर लिहिण्यासारखंही नाही. तू एकटा माझ्याबरोबर नोंदणीला आलास, साक्षीदाराच्या जागी सही केलीस आणि येताना बाजारातून ताटांचा संच घेऊन आलास. भांड्यांच्या दुकानात बसून प्रत्येक ताटावर मधोमध नाव घालून घेतलंस. 'चि. शोभास, दादाकडून.' नाव घालणारा म्हणाला, कडेला घालतो, मधलं घासून जाईल. तू म्हणालास, मधीच घाल, तिला रोज दिसलं पायजे.

तेव्हा माझ्याएवढी श्रीमंत बाई मुदखेडात नव्हती, दादा.

मग तू आणि आई पहिल्यांदा उदगीरला आलात. माझ्या सासूबाई, सगळे त्यांना अव्वा म्हणायचे, वागायला गोड. या री, बसा री. गळ्यातल्या लिंगापुढे सगळी माणसं सारखी, असं त्यांच्याच घरात शिकवलेलं. तुम्हाला जेवायला वाढलं ते तू दिलेल्या ताटांत. आई जेवून उठली आणि सवयीनं आपलं ताट धुवायला उचलू लागली. अव्वा म्हणाल्या, "राहू द्या री," आणि उलट्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं, ते ताट मोरीकडे सरकवलं. आईला वाटलं पाहुणी म्हणून मान दिला. तू मात्र हात धुवायला न्हाणीत गेलास आणि कोनाड्यात तुझी बाकीची ताटं पाहिलीस. राखेच्या डब्याशेजारी, पालथी घातलेली. घरातली भांडी स्वयंपाकघरात आणि ही न्हाणीत.

"ही ताटं हितं का?" तू विचारलंस.

"तुमच्याकडची हायत न्हवं," अव्वा म्हणाल्या, "तुमच्यासाठीच येगळी ठेवलीत."

आवाजात जराही विष नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त भिनलं. तू आईला उठवलंस. उंबऱ्यात थांबून मला म्हणालास, "शोभे, ह्या घरातलं पाणी बी आता मला नको." माझे मालक मागं धावत बसस्टँडपर्यंत आले, हात जोडले. तू एसटीत चढलास आणि खिडकी लावून घेतलीस.

इथपर्यंत मी तुझ्याच बाजूची आहे, हे लक्षात ठेव. तू उठून निघून गेलास ते बरोबर केलंस. मी तुझ्याजागी असते तर ताट भिरकावलं असतं.

पण तू गेलास आणि मी तिथंच राहिले. त्याच संध्याकाळी न्हाणीतली सगळी ताटं मी उचलली, चिंच लावून घासली आणि स्वयंपाकघरात, बाकीच्या ताटांच्या वर मांडली. सकाळी ती परत कोनाड्यात. मी परत आत आणली. हे असं किती चाललं ते मला सांगता यायचं नाही, कारण मी कधी मोजलं नाही. अव्वा माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मालक दुकानात जाऊन बसायचे, कापडाचे तागे उलगडायचे आणि परत गुंडाळायचे. एके दिवशी मी त्यांना तुझ्या ताटात वाढलं. त्यांनी नाव वाचलं, अव्वांकडे पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली. पुढे पोरं झाली, ती तर त्याच ताटांत भात कालवून मोठी झाली. घरातली जुनी ताटं माळ्यावर गेली.

आणि अव्वा? त्यांना अर्धांगवायू झाला, अंथरूण धरलं. लेकी दोन दिवस येऊन जायच्या. भरवायची मीच. तुझ्या ताटात वरण-भात मऊ कालवून. शेवटची सगळी वर्षं ती बाई 'चि. शोभास, दादाकडून' या अक्षरांवरून जेवली, दादा. माझ्या हातानं.

मी ते घर जिंकलं होतं. सवलत नाही, दया नाही, भीक नाही, घासून घासून जिंकलं होतं. आणि मला ते फक्त एका माणसाला दाखवायचं होतं.

आई आली. तिचाच तर अपमान झाला होता. ती आली, अव्वांच्या खाटेशेजारी बसून माझ्या हातची येसराची आमटी ओरपून ओरपून जेवली आणि वर म्हणाली, मीठ कमी हाय. तिनं सोडलं ते तू सोडलं नाहीस. उदगीरला सरकारी कामाला यायचास तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभा राहायचास, खांद्याला स्वतःची पाण्याची बाटली. "हाव, बरंय ना सगळं? पोरं शिकून राहिलीत ना?" मी आतून पाण्याचा तांब्या आणायची आणि तू बाटलीचं झाकण उघडायचास. माझ्या पोरीच्या लग्नात मामा म्हणून दिवसभर राबलास, घामानं चिंब झालास आणि जेवायला हॉटेलात गेलास. मांडवातल्या आचाऱ्याचं तरी खायचंस. तेही नाही, कारण शिधा माझ्या घरातून निघाला होता.

ह्या विषयावर फोनवर एकदाच काय ते बोललास. मी म्हटलं, "दादा, अव्वा आता माझ्या हातानं जेवतात. तू दिलेल्या ताटात. एकदा येऊन बघ तरी."

"माफी मागितली का तिनं?"

"न्हाई. पण जेवतात की."

"ती तिची गरज हाय, शोभे. माफी न्हाई."

फोन ठेवलास. भाकरी थापताना हे वाक्य मला अजून आठवतं. त्याला उत्तर सापडत नाही, आणि म्हणूनच तुझा जास्त राग येतो. अव्वांनी खरंच माफी मागितली नाही. जाताना माझा हात धरला होता, पण तो आधारासाठी की आणखी कशासाठी, हे मलाही माहीत नाही. तू बरोबर असशीलही. पण बरोबर असणारा माणूस मला काय करायचा होता? मला भाऊ हवा होता, माझ्या चुलीपुढे बसून मीठ कमी आहे म्हणणारा.

अव्वा गेल्या. मालकही गेले. मला वाटलं, आता त्या घरात तुझं वाकडं असणारं कुणी उरलं नाही, आता तू येशील. तू आला नाहीस. तुझ्या लेखी ते घर शेवटपर्यंत अव्वांचंच राहिलं. तुझी बहीण आयुष्यभर परक्याच्या घरात भाड्यानं राहिली जणू.

मग गेल्या हिवाळ्यात मुदखेडच्या मंडळींची वेरूळची सहल निघाली आणि तू मला फोन करून बोलावलंस. मी किती हरखले होते म्हणून सांगू. पहाटे उठून धपाटे केले, तीळ लावून, तुला आवडायचे तसे. घरात खात नाही ना, मग घराबाहेर तरी खाशील. झाडाखाली तर अव्वांचा कोनाडा नव्हता.

त्या लेण्यात तू आम्हाला नेलंस. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना खांब, भिंतीत भिक्खूंच्या खोल्या, शेवटी अंधारात बसलेला बुद्ध. आणि मधोमध, दारापासून थेट त्याच्या पायापर्यंत, दोन लांब दगडी बाक. गुडघ्याच्याही खाली, एकमेकांना समांतर. गाईड म्हणाला, काही लोक म्हणतात हे पोथ्या ठेवून पाठ करायला होते, काही म्हणतात जेवणासाठी. तू त्याला पुढे बोलूच दिलं नाहीस. "जेवायलाच. दुसरं काय," म्हणालास आणि सगळ्यांना बाकांच्या कडेनं बसवलंस.

आणि मग बोललास. राजाच्या घरातून आलेला इथं बसायचा, त्याच्या समोर न्हाव्याच्या घरातून आलेला. भिक्षापात्रात कुणाच्या घरचं काय पडलंय ते कुणी विचारायचं नाही. मिळालं ते एकत्र बसून खायचं. ते गेले, लेणं ओस पडलं, आणि मग गावातले लोक ह्याला काय म्हणायला लागले माहिताय? महारवाडा. तू मोठ्यानं हसलास. "म्हणजे बघा, ज्या दगडावर सगळे एकत्र जेवले तो बी शेवटी आपल्याच वाटणीला आला." बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मीही पुसले. पोराबाळांसाठी तू तिथं जे बोललास तसं बोलणारा माणूस पुन्हा व्हायचा नाही, हे मी आजही म्हणते.

बाहेर आलो. झाडाखाली सतरंजी पडली, डबे उघडले. मी माझा डबा तुझ्यापुढे ठेवला. झाकण काढलं. तिळाचा वास सुटला.

तू उलट्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं, तो डबा बाजूला सरकवलास. वहिनींच्या डब्यातली भाकरी घेतलीस.

सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "दादा, तुझा अन् अव्वांचा हात सारखाच निघाला की रे."

तू घास तोंडात धरून बसलास.  परतीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलास. त्यानंतर आपण बोललो नाही आणि उन्हाळ्यात तुझी छाती दुखल्याचा फोन आला. मी नांदेडच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तुझ्या अंगावर चादर ओढलेली होती.

लोक मला सांगतात, मनाला लावून घेऊ नको, बोलून जातं माणूस. मी मनाला लावून घेतलेलं नाही. ते वाक्य मी मागं घेत नाही. आज समोर असतास तर परत बोलले असते.

तर परवा आम्ही दोघी त्याच लेण्यात गेलो. मी उजवीकडच्या बाकाशी खाली बसले, समोरचा बाक मोकळा. बोलायला तोंड उघडलं तर आधी आठवलं काय, तू पहिलीत मला पाटीवर 'शोभा' लिहायला शिकवलंस ते. इतका राग आला स्वतःचा. भांडायला आलेल्या बाईला असलं काही आठवू नये. मी पिशवीतून डबा काढून त्या दगडी बाकावर ठेवला. खांबापाशी खुर्चीवर बसलेला पहारेकरी लगेच उठून आला.

"मावशी, इथं जेवायला परवानगी नाही."

"हे जेवायचंच ठिकाण आहे म्हणतात."

"होतं," तो म्हणाला. "आता बाहेर जाऊन जेवा."

बघ, दादा. तुझ्या त्या पंगतीत डबा उघडायचीही बंदी आहे.

बाहेर त्याच झाडाखाली बसलो. मी ताट फडक्यातून सोडवलं, त्यावर धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी वाढली आणि वहिनींपुढे ठेवलं. तुझ्यामुळे त्यांनीही माझ्या घरच्या ताटात कधी खाल्लेलं नव्हतं. त्यांनी तुकडा मोडला. दह्यात बुडवून खाल्ला.

"तवा घरी गेल्यावर इचारत होते मला," वहिनी म्हणाल्या. "धपाट्याला तीळ लावलेते का म्हून. मी म्हणलं, मला काय ठावं? तुमीच सरकवला की डबा. तर म्हणले, वास आलता."

हे ऐकून मला रडू फुटायला हवं होतं, नाही का? लोकांना असंच आवडतं. मला इतका संताप आला की हातातला घास खाली ठेवला. वास आला होता तर! म्हणजे तोंडाला पाणी सुटलं होतं, आईच्या घरचा वास ओळखला होता, आणि तरी हात उलटा केलास. आणि विचारलंस तेही बायकोला. मला एक फोन केला असतास, शोभे, तीळ लावलेस का गं, एवढंच. मी रात्रीच्या गाडीनं डबा घेऊन आले असते.

आता तर काहीच करता येत नाही. उदगीरच्या शेजारणीनं मला निघताना सांगितलं होतं, भावाच्या नावानं कावळ्याला घास ठेवा, त्याचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. तूच शिकवलंस की मेलेला माणूस जेवायला येत नाही, कावळ्याला वाढायचं सोडा आणि जित्या माणसाला जेवू घाला. मी तुझं ऐकणारी आहे, मी कुठं घास ठेवणार नाही. पण तुझ्याच शिकवणीनं मला आता तुला जेवू घालायची एकही वाट राहिली नाही. जितेपणी तू बंद केलीस आणि मेल्यावरचीही तूच बंद करून गेलास.

आम्ही दोघींनी डबा संपवला. तुझ्या नावानं तुकडासुद्धा काढला नाही. वहिनींनी बोटानं शेवटचं दही पुसून घेतलं आणि थांबल्या. ताट जवळ घेऊन बघायला लागल्या. इतकी वर्षं घासून अक्षरं झिजलीत, पण उन्हात धरलं की वाचता येतात.

"ह्यांचं नाव हाय की ह्याच्यावर."

"हाव."

"रोज ह्याच्यातच जेवता?"

"घरातले सगळेच. अव्वासुद्धा."

वहिनी उठल्या. बाटलीतलं पाणी घालून ताट विसळलं, पदरानं पुसलं आणि मला परत दिलं, दोन्ही हातांनी. मग म्हणाल्या, "पुढच्या ऐतवारी येते मी उदगीरला. घर बघाया. येसर करा."

करीन. वाटेवरच्या जळकोटच्या फाट्यापर्यंत त्यांना घ्यायला जाईन, पाट मांडीन, आणि या ताटात वाढीन. तू मधोमध नाव घालून घेतलंस ना, मला रोज दिसावं म्हणून? रोज दिसतं, दादा. भाकरी संपली की खाली तूच असतोस, आणि तेवढं ताट माझं पोट भरल्यावरही रिकामंच वाटतं.